बिल्ला, स्टिकर आणि विमा

लंडनच्या उत्तरेला मसवेल हिल नावाचा चढ-उताराचा भाग आहे. तिथल्या उतारावरून टेलर नावाचा एक गृहस्थ सायकलवर सुसाट खाली आला आणि त्याने वाटेतल्या माणसाला पाडलं. त्याला दंड झाला, तो अपिलात गेला. त्याचा मुद्दा साधा होता. ज्या कायद्याखाली दंड केला तो १८३५ चा. त्यात घोडे आहेत, जनावरं आहेत, गाड्या आहेत. सायकल त्यात नाही, कारण तेव्हा ती रस्त्यावर नव्हतीच. १८७९ साली ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या नावाने हा खटला वरच्या कोर्टात उभा राहिला आणि न्यायाधीशांनी निकाल दिला की या कायद्यापुरती सायकल ही गाडीच. पुढे १८८८ च्या एका कायद्याने ही गोष्ट पक्की केली आणि जाता जाता सायकलस्वाराला घंटीही सक्तीची केली.

सायकलच्या विम्याचं कूळ शोधायला निघालं की माणसं सहसा चोरीपाशी जाऊन थांबतात. महागाची वस्तू, चोरीला जाते, म्हणून विमा. मला ही सुरुवात पटत नाही. चोरीचा विमा घरातल्या भांड्याकुंड्यांचाही निघतो. त्यात सायकलचं असं खास काही नाही. खास काही आहे ते मसवेल हिलच्या उतारावर. सायकल गाडी ठरली, म्हणजे ती चालवणारा दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडांना जबाबदार ठरला. मग भरपाई आली, आणि ज्याच्या खिशात ती भरायला पैसे नाहीत त्याचं काय करायचं, हा प्रश्न आला. या विम्याचा पहिला धनी सायकलवाला नव्हे, त्याच्या बाजूने पायी चालणारा माणूस आहे.

इंग्लंडने या प्रश्नाचं उत्तर सायकलवाल्यांवरच सोडलं. १८७८ साली स्थापन झालेला तिथला सायकल पर्यटकांचा क्लब आज ‘सायकलिंग यूके’ या नावाने चालतो आणि सभासदाला वर्गणीतच १ कोटी पौंडांपर्यंतचं त्रयस्थ-विम्याचं संरक्षण मिळतं. सक्ती मात्र इंग्लंडने कधी केली नाही. सक्ती केली स्वित्झर्लंडने, आणि ती गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

तिथल्या सायकलला मागच्या बाजूला, मोटारीला असते तशी, ॲल्युमिनिअमची छोटी नंबरप्लेट असे. प्लेटवर कँटनचं, म्हणजे तिथल्या राज्याचं लघुनाम, क्रमांक आणि वर्ष. दर वर्षी नवी प्लेट घ्यायची. १९५८ च्या रस्ता वाहतूक कायद्याने देशभर नियम झाला की उत्तरदायित्वाचा विमा असल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणायची नाही. प्लेटचे पैसे भरले की त्यातच विमा आला. १९८९ पासून प्लेट गेली आणि तिच्या जागी चिकटवायचा स्टिकर आला. स्टिकर टपाल कचेरीत मिळे, किराणा दुकानांच्या साखळीत मिळे. किंमत पाच-दहा फ्रँकच्या आसपास, म्हणजे एखाद-दोन कप कॉफीची. तेवढ्यात २० लाख फ्रँकपर्यंतचं नुकसान झाकलं जाई. तुमच्या धक्क्याने कोणी म्हातारी पडली, तुमचं हँडल कोणाच्या मोटारीला घासलं, तरी भरपाई विमा कंपनी देणार. तुमच्या स्वतःच्या सायकलसाठी किंवा तुमच्या मोडलेल्या पायासाठी मात्र त्यातून एक छदाम मिळत नसे. तो विमा त्यासाठी नव्हताच.

या व्यवस्थेतली मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती एक बारीक गोष्ट. विमा सायकलला होता, माणसाला नव्हता. शेजारच्या पोराने सायकल मागून नेली, पाहुण्याने फेरफटका मारला, तरी स्टिकर जिथे तिथे विमा. चालवणारा कोण, त्याचा पगार किती, हे कोणी विचारायचं नाही. ज्याला धक्का लागला त्याच्या दृष्टीने हे फार मोलाचं, कारण धक्का देणारा निवडायची सोय त्याला नसते. शिवाय कुठे बेवारस सायकल सापडली तर त्या क्रमांकावरून मालकाचा माग काढायला मदत होई, हा वरचा फायदा.

मग ही सोय बंद का झाली? ती फसली म्हणून नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये घरटी उत्तरदायित्वाचा विमा काढायची पद्धत इतकी रुळली की बहुतेक कुटुंबांचं संरक्षण दोनदा होऊ लागलं. मुलाने चेंडूने काच फोडली तर जी पॉलिसी भरपाई देते तीच सायकलच्या धक्क्याचीही देऊ शकते. लाखो स्टिकर छापायचे, वाटायचे, विकायचे, आणि एवढं करून दावे थोडे. संसदेने १ ऑक्टोबर २०१० रोजी कायदा बदलला, १ जानेवारी २०१२ पासून सक्ती उठली आणि २०११ चे शेवटचे स्टिकर ३१ मे २०१२ ला संपले. ज्यांच्याकडे कसलाच विमा नाही, किंवा जे धडक देऊन पळाले, त्यांनी केलेल्या नुकसानीसाठी राष्ट्रीय हमी निधीचं दार उघडं ठेवलं गेलं. विमा सायकलवरून उतरून माणसाच्या घरात गेला, पण पायी चालणाऱ्याला वाऱ्यावर सोडलं नाही. कायदा काढून टाकताना त्याचं काम कोण करणार याची आधी सोय लावायची, ही पद्धत मला मनापासून आवडते.

आणि स्वित्झर्लंडने जे सोडलं ते तीनच वर्षांनी जपानने हाती घेतलं.

कोबे शहरात २००८ च्या सप्टेंबरात, संध्याकाळच्या वेळी, अकरा वर्षांचा एक मुलगा पोहून घरी परतत होता. उताराचा रस्ता, सायकल वेगात. समोरून ६२ वर्षांची एक बाई पायी येत होती. तो तिच्यावर आदळला. तिच्या डोक्याला मार लागला आणि ती शुद्धीवर आलीच नाही. अंथरुणाला खिळून राहिली. कोबेच्या जिल्हा न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये निकाल दिला. मुलगा अज्ञान, म्हणून जबाबदारी आईची. मुलाला सायकल कशी चालवावी याचं पुरेसं वळण तिने लावलं नाही, असं म्हणत न्यायालयाने सुमारे साडेनऊ कोटी येन भरायचा हुकूम केला. त्या वेळच्या भावाने हे साडेपाच कोटी रुपयांच्या वर जातात.

या निकालात दोन घरं एकदम दिसतात. एक, जिथली बाई कायमची निपचित पडली आहे आणि जन्मभराच्या शुश्रूषेचा खर्च डोक्यावर आहे. दुसरं, जिथे शाळकरी मुलाच्या एका क्षणापायी आईवर न फिटणारं देणं आलं आहे. हुकूम झाला तरी रक्कम वसूल होणार कुठून? विमा नसेल तर न्याय कागदावर राहतो, आणि दोन्ही घरं बुडतात. जपानी आयांनी ही बातमी वाचली तेव्हा प्रत्येकीने अंगणातल्या सायकलकडे पाहिलं असेल. कोबे ज्या प्रांतात आहे त्या ह्योगोने २०१५ साली अध्यादेश काढला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून सायकलस्वाराला उत्तरदायित्वाचा विमा सक्तीचा केला. जपानमध्ये असं करणारा तो पहिला प्रांत. सायकल विकणाऱ्या दुकानदारावरही गिऱ्हाइकाला ‘विमा आहे ना?’ असं विचारायची जबाबदारी टाकली. मग ओसाका आणि इतर प्रांत त्या वाटेने गेले. टोकियोने एप्रिल २०२० मध्ये सक्ती केली.

जपानात त्याच्याही आधीपासून एक स्टिकर होता, ‘टीएस मार्क’. परवानाधारक मेकॅनिककडे सायकल न्यायची. तो ब्रेक, चेन, टायर, दिवा, घंटी तपासणार, ढिलं असेल ते आवळणार, आणि सगळं ठीक असेल तर तपासणीच्या तारखेसह स्टिकर चिकटवणार. त्या स्टिकरलाच एका वर्षाचा विमा जोडलेला. वर्ष संपलं की परत तपासणी. अपघात टाळायचं काम आणि अपघाताची भरपाई एकाच चिकटपट्टीत बांधणारी ही युक्ती मला स्विस स्टिकरपेक्षाही सरस वाटते. आपल्याकडच्या सायकलदुकानदारांकडे हे कसब आहेच: चाक उलटं करून फिरवायचं, स्पोकच्या चावीने आउट काढायचा, ब्रेकच्या रबराची जाडी अंगठ्याने अजमावायची. त्यांच्या हाताला अशा एका स्टिकरची जोड कधी मिळाली नाही, एवढंच.

चोरीच्या विम्याचीही एक शाखा या कुळात आहे, पण ती थोडक्यात सांगितली तरी चालेल. जर्मनीत घरसामानाच्या विम्यात सायकल येई, मात्र जुन्या पॉलिसींत रात्रीची अट असे: रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात चोरी झाली तर सायकल वापरात असायला हवी, नाहीतर कुलूपबंद खोलीत. बाहेर कुंपणाला बांधून झोपलात तर पैसे विसरा. नेदरलँड्समध्ये दावा करताना कुलपाच्या दोन्ही किल्ल्या कंपनीच्या हातात ठेवाव्या लागतात. एकच दिली तर दुसरी कुलपातच राहिली होती, असा अर्थ लावला जातो.

आता आपल्याकडे. सायकलला बिल्ला लावायची पद्धत महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला चांगली आठवते. नगरपालिकेत दर वर्षी पैसे भरायचे, धातूचा छोटा बिल्ला मिळायचा, तो सायकलला ठोकायचा. नसला तर चौकात अडवणूक आणि दंड. दिसायला हे स्विस प्लेटसारखंच. पण त्या बिल्ल्यामागे विमा नव्हता, होता फक्त कर. १९४९ च्या महापालिका कायद्यात वाहनं, होड्या आणि जनावरं यांच्यावर कर बसवायचा अधिकार दिला होता आणि सायकल त्या यादीत बसत होती. पैसे भरणाऱ्याच्या पदरात रस्त्यावर यायच्या परवानगीपलीकडे काही पडलं नाही. धक्का बसलेल्याच्या पदरात तर काहीच नाही. बिल्ले गेले आणि त्यांच्याबरोबर ती यंत्रणाही गेली. तिला विमा जोडता आला असता, हे मात्र मनातून जात नाही.

आपल्या सायकलस्वाराचं खरं संरक्षण दुसऱ्याच्याच पॉलिसीत लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या मोटार अपघाताची अगदी पहिली म्हणून जी नोंद सांगतात, त्यात मे १८९६ मध्ये न्यूयॉर्कला एका मोटारीने सायकलवरच्या बाईला धडक देऊन तिचा पाय मोडला होता. मोटारीचा त्रयस्थ-विमा जन्माला आला तो अशाच माणसांसाठी. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातलं त्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं आणि आज १९८८ चा कायदा ते काम करतो. दुचाकीवाला किंवा ट्रकवाला जो सक्तीचा विमा काढतो, त्यातला ‘त्रयस्थ’ म्हणजे सायकलवर शाळेला निघालेली मुलगी आणि दुधाच्या किटल्या लटकवून जाणारा माणूस. स्वतःसाठी काही हवं असेल तर गृहधारक पॉलिसीत सायकलचा वेगळा विभाग बऱ्याच काळापासून आहे, पण तो मागून घ्यावा लागतो आणि मागणारे फार थोडे. महागाच्या सायकलवाल्यांनी तो जरूर पाहावा; आणि पॉलिसी असो-नसो, बहुतेक सायकलींना पायडलच्या धुऱ्याखाली फ्रेमवर जो नंबर ठोकलेला असतो त्याचा फोटो बिलासोबत ठेवावा. चोरीच्या तक्रारीत ‘काळी, गिअरवाली’ एवढ्या वर्णनाने काही होत नाही.

आणि धडक देणारी गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तर? या नुकसानीसाठी केंद्राची योजना आहे. पूर्वी मृत्यूला २५ हजार आणि गंभीर दुखापतीला साडेबारा हजार रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून ती रक्कम २ लाख आणि ५० हजार झाली. जखमीने स्वतःचा कसलाही विमा काढलेला असण्याची अट नाही. अर्ज ज्या तालुक्यात अपघात झाला तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा तहसीलदारांकडे द्यायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पोलिसांकडची नोंद, दवाखान्याची कागदपत्रं, ओळखपत्र आणि बँकेच्या पासबुकाची प्रत एवढं बरोबर लागतं. वकील लावायची सक्ती नाही.