‘कूपर ब्लॅक’ : एका गुबगुबीत टाइपाची कुळकथा

विसाव्या शतकातील जाहिरात-मुद्रणाच्या इतिहासात ‘कूपर ब्लॅक’ या रोमन टाइपाइतके दीर्घायुषी ठरलेले जाड वळण क्वचितच आढळते. शिकागो येथील बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप ओतणाऱ्या कारखान्याने ते १९२२ मध्ये बाजारात आणले. त्याचा कर्ता ऑस्वाल्ड ब्रूस कूपर (१८७९–१९४०) हा फ्रेडरिक गाउडीचा शिष्य. टाइपांकडे वळण्यापूर्वी जाहिरातींची अक्षरे हाताने रेखाटणे हाच त्याचा व्यवसाय होता व त्यासाठी १९०४ मध्ये फ्रेड बर्ट्श याच्या भागीदारीत त्याने शिकागोतच संस्था काढली होती. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून या टाइपाचे स्वरूप नीट उलगडत नाही.

आज हे वळण खेळकर वाटते. परंतु खेळकरपणा हा त्याचा मूळ हेतू नसावा. दूरदृष्टीच्या मुद्रकांनी अधू दृष्टीच्या गिऱ्हाइकांसाठी वापरावा असा हा टाइप, अशा आशयाची कोटी खुद्द कूपरच्या नावावर सांगितली जाते. तीत विनोद असला तरी व्यापारी हिशेब स्पष्ट आहे. १९१९ च्या ‘कूपर ओल्ड स्टाइल’ या सौम्य वळणाचाच हा स्थूल अवतार होय. अक्षरांचे पाय सपाट नसून फुगीर आहेत. टोके कुंचल्याने काढल्यासारखी विरघळलेली आहेत. लहान अक्षरांचे पोट मोठे, तर वर-खाली जाणारे दांडे आखूड आहेत. ‘ओ’ या अक्षराच्या आतील पोकळी मागे रेललेली असते. टोकदार कोपराच नसल्याने शाई पसरली किंवा खिळा थोडा झिजला, तरी या अक्षराची मूर्ती सहसा बिघडत नाही. घाईच्या छपाईत हा गुण सामान्य नव्हे!

परंपरानिष्ठ मंडळींनी या काळ्याकुट्ट टाइपावर नाके मुरडली. मागणी मात्र एवढी झाली की, लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीसाठी १९२५ मध्ये ‘गाउडी हेवीफेस’ हे प्रतिस्पर्धी वळण स्वतः गाउडीलाच रेखाटावे लागले. गुरूने शिष्याच्या वाटेने जाण्याचा हा प्रसंग अर्थपूर्ण आहे.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात दोन अक्षरांमधील अंतर एका मर्यादेपलीकडे कमी करणे कठीण असे. १९६० नंतर छायाक्षरजुळणी आणि घासून उमटविण्याची अक्षरे प्रचारात आली, तेव्हा ही गोल अक्षरे परस्परांना बिलगू लागली व शब्द एकसंध आकृतीसारखा दिसू लागला. ‘बीच बॉइज’ या गायकवृंदाच्या १९६६ मधील ‘पेट साउंड्स’ या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन, १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘डॅड्स आर्मी’ या ब्रिटिश दूरदर्शन-मालिकेची शीर्षके आणि १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईझीजेट’ या विमान कंपनीचे नाव ही तीन ठळक उदाहरणे होत. आज सर्वमान्य झालेला खेळकरपणा बहुतांशी अशाच उपयोगांतून या वळणाला चिकटला.

त्याचे योग्य क्षेत्रही यावरूनच ठरते. दोन-चार शब्दांचा मथळा, दुकानाची पाटी, वेष्टन, बालपुस्तकाचे मुखपृष्ठ येथे ते शोभते. ओळी निकट ठेवल्यास अधिकच. परिच्छेदभर मजकुरासाठी मात्र ते निरुपयोगी आहे. लहान आकारात अक्षरांच्या पोकळ्या बुजतात, पान काळवंडते आणि आखूड दांड्यांमुळे शब्दाची बाह्याकृती ओळखू येत नाही. शोकवार्तेवर हे वळण घातले, तर मजकूर कितीही गंभीर असो, वाचकास तो थट्टेचा वाटण्याचा संभव असतो.