तळटीप : मदरशातला मराठीचा तास

* मकतबातले, म्हणजे वस्तीतल्या धार्मिक वर्गातले, मूल सकाळी तासभर कुराण वाचून पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. प्रश्न निवासी मदरशातल्या मुलांचा आहे. हिफ्जच्या, म्हणजे कुराण पाठ करणाऱ्या, विद्यार्थ्याचा दिवस फजरच्या (पहाटेच्या) नमाजानंतर सुरू होतो. आधी नवा सबक (पाठ), मग सबकी म्हणजे अलीकडच्या पाठांची उजळणी, मग जुन्या पाठाची उजळणी म्हणजे आमोख्ता. एवढे झाल्यावर गणिताला वेळ उरतोच असे नाही. जुलै २०१५ मध्ये औपचारिक विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुले राज्य सरकारने शाळाबाह्य ठरवली आणि मोठा वाद झाला. वास्तविक मदरशांत औपचारिक विषय शिकवण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना २०१३ पासूनच होती. पण तीत डी.एड. शिक्षकाला मानधन ६ हजार! तेवढ्यात कोण टिकणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचे ८ वरून १८ हजार केले. योजना ऐच्छिक आहे, हे योग्यच.

या औपचारिक विषयांत गोंदिया जिल्ह्यापुरता मला मराठीचा तास सर्वांत मोलाचा वाटतो. हिंदीभाषक बालाघाट, राजनांदगाव शेजारी असल्याने बाजारात हिंदीवर भागते. तलाठ्याकडचा अर्ज आणि पोलीस भरतीचा पेपर मात्र मराठीत असतो. हिफ्ज पूर्ण करून बाहेरून दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरणाऱ्या मुलालाही मराठी लागतेच. दीनी शिक्षणाला धक्का न लावता हे जमते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी उभारलेल्या जामियाने मदरशाबरोबर औषधनिर्माण आणि अभियांत्रिकीची महाविद्यालयेही चालवली. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळचे वैद्यकीय महाविद्यालयही या जामियाचेच. — संपा.