नकाशा, नक्षी आणि भोकांची पट्टी

'नकाशा' आणि 'नक्षी' ही मराठीतली सख्खी भावंडं. दोन्ही शब्दांचं मूळ 'नक्श' या अरबी शब्दात आहे. लाकडात मोर कोरणाऱ्या सीएनसी राऊटरचा इतिहास या दोन शब्दांत सांगता येतो. आधी नकाशा, मग नक्षी. प्रश्न एवढाच, की नकाशा लिहायचा कशावर?

बनारसमध्ये तो दोऱ्यांत लिहिला गेला. नक्शबंद नावाचा कारागीर कागदावरचं फूल दोऱ्यांत बांधून ठेवी. मागावर बसलेला मदतनीस ते दोरे ओढी आणि फूल कापडावर उतरे. आमच्या भिवंडीतले मोमीन विणकर याच पूर्वेकडच्या मुलखातून इथे येऊन वसले.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात १७२५ साली बूशों याने नकाशा भोकं पाडलेल्या कागदावर उतरवला. पुढे १८०४ च्या सुमारास जॅकार्डने पुठ्ठ्याच्या कार्डांची माळच मागावर चढवली. भोक आलं की उभा धागा उचलला जातो, नाही आलं की तो खाली राहतो. इतकं साधं गणित. याच पद्धतीने १८३९ मध्ये जॅकार्डचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. चित्र जॅकार्डचं म्हणून प्रसिद्ध झालं. भोकं पाडणारे हात मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

लाकडाची वाट वेगळी होती. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डने १८१९ मध्ये बंदुकीचे दस्ते घडवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. एक चाक नमुन्याच्या दस्त्यावरून फिरे आणि दुसरीकडे पातं तोच उंचसखलपणा लाकडात उतरवी. इथे नमुना हाच नकाशा.

या दोन वाटा विसाव्या शतकात एकत्र आल्या. हेलिकॉप्टरची पाती बनवताना जॉन पार्सन्सने हत्यार आकड्यांवर चालवण्याची कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये एमआयटी या संस्थेत भोकांच्या पट्टीवर चालणारं मिलिंग यंत्र लोकांनी पाहिलं. १९५९ मध्ये तिथेच पत्रकारांना अशा यंत्रावर घडवलेले ॲल्युमिनियमचे ॲश-ट्रे वाटले गेले.

आज तेच तत्त्व टेबलावर मावणाऱ्या हौशी यंत्रात आलं आहे. डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी हत्यार फिरतं. संगणक चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला खोली ठरवून देतो. आधी जाड, सपाट टोकाचं पातं फालतू लाकूड काढून टाकतं. मग गोल टोकाचं बारीक पातं अगदी जवळजवळच्या रेघांनी फिरत पिसं, डोळा, चोच उठवतं. रेघा जितक्या जवळ, तितकं काम गुळगुळीत आणि वेळ तितका जास्त. तरी आतला टोकदार कोपरा गोलच राहतो, तिथे पटाशी हातातच धरावी लागते. लाकडाचा रेषा कुठून तुटेल, हेही माणसालाच ओळखावं लागतं.

पण खरी अडचण नकाशाची आहे. तयार आराखडे विकत किंवा फुकट मिळतात. म्हणून इथल्या दारावर आणि हजार मैलांवरच्या दारावर एकच मोर बसतो. भिवंडीचे बहुतेक माग साधं कोरं कापड विणत आले, आणि त्यातले कितीतरी भंगारात गेले. सांगितलेलंच विणायचं, नमुना दुसऱ्याचा, अशी ही जुनी सवय आहे. ती लाकडात तरी नको.

आपल्या गावांतली जुनी लाकडी घरं पडताहेत. चौकट, खांब, जाळी ट्रकमध्ये चढते आणि कुणी मापही घेत नाही. घर पाडण्याआधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, खोली मोजा, कागदावर उतरवा. यंत्र जुना कारागीर परत आणणार नाही. त्याची नक्षी मात्र पुन्हा कोरता येईल, नकाशा हाती असेल तर.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)