पटावरून खजिन्यात: ‘चेक’ची कुळकथा

गाडीत तिकीट चेक होतं, घाटाच्या तोंडाशी चेकनाका लागतो, शर्ट चेक्सचा असतो, डॉक्टर चेकअपला बोलावतात आणि महिनाअखेरीस चेक वटतो. अमेरिकेत तर हॉटेलातल्या जेवणाचं बिलही ‘चेक’च. अडवणं, तपासणं, चौकडी आणि पैसे हे अर्थ एका शब्दात आले कसे? माझं ठाम मत असं की हे सगळे बुद्धिबळाच्या पटावरून उतरले. त्यातल्या पैशाच्या अर्थाची वाट बाराव्या शतकातल्या इंग्लंडच्या एका टेबलावरून जाते, आणि मला त्या टेबलाचं फार अप्रूप आहे.

खेळाचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे: आपलं चतुरंग, इराणचं चतरंग, अरबांचं शतरंज, मग युरोप. राजावर हल्ला झाला की इराणी खेळाडू ‘शाह!’ म्हणून सावध करायचा. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एशेक’ झालं, इंग्रजीत ‘चेक’. मराठीने तोच शब्द फारसीकडून ‘शह’ म्हणून घेतला. म्हणजे राजकारणातला शह-काटशह आणि खिशातला चेक एकाच कुळातले. ‘शाह’चं जुनं रूप ‘क्षायथिय’, आणि संस्कृत ‘क्षत्र’ त्याच मुळाचं. ‘शहमात’मधल्या ‘मात’वर मात्र वाद आहे. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल. मी फारसीच्या बाजूचा. या खेळात राजा कधी मारला जात नाही, तो कोंडला जातो.

शह बसला की बाकीचे बेत सोडून राजाला वाचवावं लागतं. त्यातून ‘चेक’ म्हणजे अडवणं, लगाम घालणं. पुढे चूक किंवा लबाडी अडवण्यासाठी एक हिशेब दुसऱ्याशी ताडून पाहणं, म्हणजे तपासणं.

आता ते टेबल. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याच्या खात्याला ‘एक्सचेकर’ म्हणत; तिथला अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ आहे. या नावाचं लॅटिन मूळ ‘स्काकारियम’, म्हणजे चक्क बुद्धिबळाचा पट. 1170च्या दशकाच्या अखेरीस खुद्द खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या खात्याच्या कामकाजावर गुरुशिष्य संवादाच्या रूपात ग्रंथ लिहिला. त्यात टेबलाचं वर्णन आहे: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेने चार बोटं उंच काठ, वर रेघा आखलेलं काळं कापड. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार, असे एकेक रकाने. परगण्याचा अधिकारी, म्हणजे शेरीफ, हिशेब द्यायला समोर बसायचा. येणं वरच्या ओळीत सोंगट्यांनी मांडायचं, भरणा खालच्या ओळीत, मग वजाबाकी. रोमन आकड्यांत ही वजाबाकी करून पाहा, म्हणजे कापडाची किंमत कळेल! शून्याचं चिन्ह माहीत नसलेल्या कारकुनांना रिकामा रकानाच शून्याचं काम देत होता. फिट्झनील सांगतो की नाव पटाच्या आकारावरून पडलंच, शिवाय पटावर जशी दोन राजांची झुंज, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची. चौकडीच्या कापडाचं ‘चेक्स’ हे नावही याच पटाच्या घराण्यातलं.

भरणा झाला की पावती म्हणून लाकडाच्या काठीवर खाचा पाडायच्या आणि ती उभी चिरायची. एक फाक भरणाऱ्याकडे, दुसरी खजिन्यात. जुळल्या तर व्यवहार खरा. निरुपयोगी झालेल्या या काठ्या 1834 साली संसदेच्या भट्टीत जाळल्या आणि त्या आगीत वेस्टमिन्स्टरचा बहुतेक राजवाडाच भस्म झाला. पण जोडी जुळवून खरेखोटे ठरवण्याची पद्धत कागदावर आधीच उतरली होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे खजिन्याच्या हुंडीची वगैरे स्थळप्रत, खाडाखोडीला शह देणारा अर्धा भाग. मग स्थळप्रतीचं नाव खुद्द हुंडीला चिकटलं. काठीच्या दोन फाकांची सवय असलेल्या खजिन्याच्या कारकुनांनीच ते रुळवलं असणार, असा माझा तर्क आहे.

या कुळकथेला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे. अरबीत ‘सक्क’ म्हणजे लेखी देणेपत्र. दहाव्या शतकातल्या इब्न हौकल या प्रवाशाने सहाराच्या दक्षिण टोकाच्या औदागस्त गावी 42,000 दिनारांचा सक्क पाहिल्याचं लिहिलं आहे. ‘चेक’ त्यावरूनच आला, असं मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं. उच्चार जुळतो, वापर जुळतो. पण वाट जुळत नाही. अरब व्यापाराचा शब्द लंडनला पोचायचा तर इटली, स्पेन, फ्रान्सवरून जाणार आणि वाटेत खुणा ठेवणार. इटालियन लोक चेकला ‘असेन्यो’ म्हणतात. फ्रेंचांचा ‘शेक’ आणि जर्मनांचा ‘शेक’ इंग्रजीकडूनच गेलेले. शिवाय सक्कवाद्यांकडे स्थळप्रतीच्या अर्थाचा काहीच खुलासा नाही. ब्रिटिशांनी पुढे पैशाच्या चेकचं स्पेलिंग ‘एक्सचेकर’च्या वळणावर नेऊन शेवटी ‘क्यू’ लावला, अमेरिकेने जुनंच ठेवलं. सक्कवाद्यांना एक गोष्ट मात्र मी खुशाल देतो: ‘सक्क’ हा शब्द अरबांनी फारसी ‘चक’वरून घेतला. म्हणजे त्यांची बाजू खरी ठरली, तरी चेकचं माहेर इराणच.