कोळशाची आंबील आणि परळीचे पाणी

लोह्याहून पालम, गंगाखेड करीत परळीला वैजनाथाच्या दर्शनाला निघालं, की औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. तिथला पहिला संच १९७१ साली चालू झाला. पण २०१३ च्या फेब्रुवारीत, आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत, हे केंद्र बंद ठेवावे लागले. अडले ते पाण्यावाचून. खडक्याचे धरण आटले होते.

कोळशाला पाणी लागते. मग ते कोणाचे, हा तंटा जुनाच. अमेरिकेत ब्लॅक मेसाच्या खाणीतला कोळसा १९७० पासून दळून, जवळपास तितक्याच पाण्यात कालवून, ४३९ किलोमीटर नळाने मोहावीच्या वीजकेंद्राला जाई. पाणी होपी आणि नावाहो लोकांच्या भूमीखालचे, पिण्याजोगे. त्यांची तक्रार वर्षानुवर्षे चालली. धूर आवरण्याची मुदत संपली, पाण्याचा तंटा मिटला नव्हता. २००५ च्या अखेरीस केंद्र थांबले, नळही थांबला.

सोव्हिएत रशियात १९८९ साली बेलोवो ते नोव्होसिबिर्स्क असा २६२ किलोमीटरचा नळ झाला. तिथे कोळसा वाळवावयाचा नव्हता. आंबिलीसारखा तो द्रव तसाच भट्टीत फवारावयाचा. चीनने पुढे त्यात कारखान्याचे सांडपाणीच घातले. शंभरात साठ-सत्तर भाग कोळशाची भुकटी, बाकी पाणी. कागदगिरणीच्या काळ्या पाण्यातील लिग्निन कण सुटे ठेवते, आणि फिनॉलसारखी घाण भट्टीत जळते. मात्र फुकट काही नाही: पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्ची पडते, क्षार बॉयलरच्या नळ्यांना चिकटतात.

आपल्याकडे याचे भावंड साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढले, की दहा-पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. तो ओढ्याला मिळाला, की विहिरी नासल्याच म्हणून समजा. २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेने त्याला आळा घातला. आता कित्येक ठिकाणी तो आटवून, कोळसा किंवा बगॅसच्या जोडीने जाळतात. राखेतले पालाश पुन्हा शेतात जाते.

नागपूरने २००८ साली शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याचा करार केला. तेवढे धरणाचे पाणी माणसांसाठी मोकळे.

लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आले, हे आपण विसरलेलो नाही. मराठवाड्यात कारखाना काढताना पहिला प्रश्न कोळशाचा असू नये. एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा कुठे उपयोगी पडेल, हे आधी विचारावे. घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या वाट्याचे पाणी त्यानेच वाचेल.