रुग्णशय्येपाशी धनी कोण?

ख्रिस्तसभेच्या इतिहासात मठ, विद्यापीठे आणि धर्मपरिषदा यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने रुग्णाची कूस बदलणाऱ्या, त्याचे अंग पुसणाऱ्या आणि त्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या हातांचा इतिहास थोडाच लिहिला गेला. वास्तविक मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायप्रसंगाचा आशय असा की, जो आजाऱ्याच्या समाचाराला गेला तो प्रत्यक्ष प्रभूच्याच भेटीला गेला. हा आशय अक्षरशः खरा मानला तर शुश्रूषा करणारा आणि रुग्ण यांच्या नात्यात मोठीच उलथापालथ होते. अंथरुणाला खिळलेला परावलंबी मनुष्य धनी ठरतो आणि ज्याच्या हाती औषध व अधिकार आहे तो त्याचा चाकर ठरतो. ही शिकवण आपल्या पूर्वसूरींनी कोठे पाळली आणि कोठे मोडली, याचा थोडक्यात मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

बाराव्या शतकात यरुशलेम येथील संत योहानाच्या इस्पितळाने हा विचार नियमांत गोवला. तेथील बंधुसंघाचे प्रमुख रेमों द्यु प्वी यांच्या नियमावलीप्रमाणे रुग्ण दाखल होताच त्यास धन्याप्रमाणे वागवावयाचे आणि बंधूंनी स्वतः जेवावयास बसण्यापूर्वी त्यास जेवू घालावयाचे, असा दंडक होता. इ. स. ११८२ च्या नियमांत तर अधिक बारकावा दिसतो. प्रत्येक खाटेला तिची स्वतंत्र चादर असावी; प्रत्येक रुग्णास मेंढीच्या कातड्याचा अंगरखा, लोकरी टोपी आणि शौचास जाता-येताना घालावयास जोडे मिळावेत; यात्रेकरू स्त्रियांच्या तान्ह्या बाळांसाठी निराळे पाळणे असावेत. ‘रुग्ण हा धनी’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु रात्री शौचास उठणाऱ्या धन्याच्या पायांना गारवा बाधेल हे ज्याला सुचले, त्यालाच त्या शब्दाचा अर्थ कळला होता, असे आम्हांस वाटते. याच संघाने पुढे तलवारही हाती घेतली, हे मात्र विसरून चालणार नाही.

नियम असले तरी मने निर्ढावतात. सोळाव्या शतकातील रोम शहरात मोठमोठी इस्पितळे होती. पण पुष्कळ ठिकाणी पगारी चाकरांकडून रुग्णांची हेळसांड होत असे. हे ज्याने पाहिले तो मनुष्य स्वतःच रुग्ण होता. कामिल्लुस द लेलिस (१५५०–१६१४) हा जुगाराच्या नादी लागलेला शिपाई. पायाची जखम भरून येईना, म्हणून तो सान जाकोमो इस्पितळात आला. तेथेच चाकरीस राहिला आणि जुगारापायी तेथून हाकललाही गेला. इ. स. १५७५ मध्ये त्याचे मनपरिवर्तन झाले. पायाच्या त्याच जखमेमुळे कापुचिन संघात त्यास राहता येईना. तेव्हा तो पुन्हा त्याच इस्पितळात परतला, यावेळी सेवेसाठी. इ. स. १५८६ मध्ये पोप सिक्स्तुस पाचवे यांनी त्याच्या सोबत्यांच्या मंडळास मान्यता दिली. पुढे या संघाने दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांच्या जोडीला चौथे व्रत घेतले: जिवावर बेतले तरी, साथीच्या रोगातही, आजाऱ्यांची सेवा करावयाची.

आईने आपल्या एकुलत्या एक आजारी लेकराची काळजी घ्यावी तशी प्रत्येक रुग्णाची घ्यावी, ही कामिल्लुसची शिकवण होती. एकदा इस्पितळाच्या अधिकाऱ्याने बोलावणे पाठविले असता, आपण सध्या ख्रिस्ताच्या सेवेत आहोत, ती आटोपली की येऊ, असे उत्तर त्याने रुग्णाच्या खाटेजवळूनच दिले, असे चरित्रकार सांगतात. अधिकारी आणि रुग्ण यांपैकी धनी कोण, याविषयी त्याच्या मनात संदेह नव्हता. इ. स. १९३० मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यास परिचारिकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

आता आपल्या भूमीकडे वळू. गोव्यात अफोन्सो द आल्बुकेर्क यांच्या काळी, म्हणजे १५१० च्या सुमारास, राजाचे इस्पितळ सुरू झाले. मे १५४२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले तेव्हा त्यांनी याच इस्पितळात मुक्काम केला आणि अत्यवस्थ रुग्णांच्या खाटेशेजारी ते झोपत, अशी नोंद आहे. इ. स. १५९१ मध्ये या इस्पितळाची व्यवस्था येशूसंघाकडे आली. १६०८ मध्ये फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी आजारी अवस्थेत तेथे दाखल झाला. लाखेच्या रंगाने रंगविलेल्या खाटा, स्वच्छ पांढरी वस्त्रे, चिनी मातीची भांडी आणि उत्तम भोजन यांचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. जगातील श्रेष्ठ इस्पितळांत त्याने याची गणना केली.

परंतु या खाटांवर कोण निजत असे? हे इस्पितळ पोर्तुगीज शिपाई व युरोपीय यांच्यासाठी होते. स्थानिक ख्रिस्ती जनांची सोय निराळ्या, साध्या इस्पितळांत होई. म्हणजे शुश्रूषेत उणे नव्हते; पण धनी कोणास म्हणावयाचे हे दारावरच ठरत असे. मत्तयाच्या त्या अध्यायातील न्यायाधीश रुग्णाचा वर्ण वा देश विचारीत नाही, ही गोष्ट तेथील व्यवस्थेच्या ध्यानी आली नाही.

याच्या उलट उदाहरण ख्रिस्तसभेच्या बाहेरचे आहे आणि ते आपण नम्रतेने पाहिले पाहिजे. १८९७ च्या प्लेगात पुण्यानजीक डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला आणि त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई तेथे रुग्णसेवेस उभ्या राहिल्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी कामिल्लुससारखे व्रत उच्चारले नव्हते. आचरले मात्र खचित होते.

विसाव्या शतकाने या नात्याची आणखी एक कसोटी पाहिली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूस इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरीने ते काम हाती घेतले. त्यांचे अन्न थांबविण्याची अनुमती मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा, ७ मार्च २०११ च्या निकालात, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. जी स्वतः बोलू शकत नव्हती, तिचा शब्द तिच्या सेवकांकडे सोपविला गेला.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. या परिचारिका महानगरपालिकेच्या पगारी नोकर होत्या. तेव्हा कामिल्लुसच्या कथेतून, वेतन घेणाऱ्याच्या ठायी प्रेम नसते, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ‘सेवा’ या पवित्र शब्दाच्या आड परिचारिकेस अल्प वेतनावर राबविणे हे पाप आहे. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी त्या समितीची शिफारस होती. आपल्या धर्मसंस्थांच्या रुग्णालयांनी या आकड्याशी आपले हिशेबवह्यांतील आकडे ताडून पाहावेत. रुग्ण हा परिचारिकेचा धनी खरा. पण म्हणून व्यवस्थापक तिचा धनी होत नाही.

या इतिहासातून धर्मगुरू व धर्मशिक्षक यांना काय घेता येईल? संत विन्सेंट द पॉल यांनी इ. स. १६३३ मध्ये संत लुईज द मारियाक यांच्यासह स्थापिलेल्या भगिनींना असे शिकविले की, रुग्णाची हाक आली असता प्रार्थना सोडून उठणे म्हणजे देवासाठीच देवाला सोडणे होय. हे ज्या परिचारिकेस लागू, ते तिच्या पाळकासही लागू. रात्रपाळीमुळे जी रविवारी मिस्साबलिदानास येऊ शकत नाही, तिच्या अनुपस्थितीचा उच्चार करण्यापूर्वी आपण हे आठवावे. रुग्णभेटीस जाताना मलमपट्टीची वेळ टाळावी आणि रुग्णाची स्थिती प्रथम परिचारिकेस विचारावी. कोणाच्याही असहायतेचा उपयोग धर्मोपदेशाची संधी म्हणून करू नये. कारण धन्याच्या घरी चाकर आवाज चढवून बोलत नाही. आपण ज्या खाटेपाशी उभे राहतो तेथे आपल्या आधी कोणीतरी गुडघे टेकून त्या धन्याचे पाय धुतलेले असतात. तिच्यासाठीही आपल्या प्रार्थनेत जागा असावी, इतकीच आमची विनंती आहे.