लेकीच्या पाठीशी उभे राहिलेले डॉक्टर सखाराम अर्जुन

सावद्याहून आम्ही बचत गटाच्या बाया आज तुमच्याशी बोलतोय.

डॉक्टर रखमाबाईंचं नाव तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. लहानपणी लावून दिलेलं लग्न मानायला त्यांनी कोर्टात नकार दिला आणि पुढे विलायतेत जाऊन त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्यावर सिनेमाही निघाला आहे. पण त्यांच्या मागे जो माणूस उभा होता, त्याचं नाव मात्र सहसा कुणी घेत नाही. तो माणूस म्हणजे डॉक्टर सखाराम अर्जुन राऊत, रखमाबाईंचे सावत्र वडील. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल आहे.

सावत्र आईच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. सावत्र बापाची चांगली गोष्ट कुणी सांगितलेली आठवते का? आम्ही गटाच्या बैठकीत विचारलं, तर कुणालाच आठवेना. म्हणून ही सांगाविशी वाटली.

सखाराम अर्जुन यांचा जन्म १८३९ सालचा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं होतं. तिथे इंग्रजी वैद्यक शिकलेल्या आपल्याकडच्या पहिल्या पिढ्यांमध्ये ते होते. पुढे त्याच कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि जे. जे. इस्पितळात रोगी तपासत. झाडपाल्याचा त्यांना मोठा नाद. मुंबईत मिळणाऱ्या औषधी वनस्पतींची एक यादी त्यांनी १८७९ साली पुस्तकरूपानं छापली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून निसर्गाच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. तीच आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. त्या आठांत आपले म्हणावे असे दोघेच होते. एक प्रार्थना समाजाचे डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉक्टर सखाराम अर्जुन.

अजून एक काम त्यांनी केलं, ते आपल्या जास्त जवळचं आहे. वैद्यकावर आणि गरोदरपण, बाळंतपण यांवर त्यांनी मराठीतून पुस्तकं लिहिली. त्या काळात बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, बाज, शेगडी आणि सुईण. बाई वाचली तर देवाची कृपा, गेली तर तिचं नशीब. हे नशीब नाही, शरीराचं शास्त्र आहे आणि ते आपल्या भाषेत सांगता येतं, असं मानणारा हा डॉक्टर होता.

आता त्यांच्या घरात येऊ. रखमाबाईंची आई जयंतीबाई. त्यांचं पहिलं लग्न जनार्दन पांडुरंग सावे यांच्याशी झालं. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी रखमाबाई जन्मल्या, तेव्हा जयंतीबाई अवघ्या पंधराच्या आसपास होत्या. सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पदरी अडीच वर्षांची पोर. हे लोक सुतार समाजाचे. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची रीत होती. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत तीही नव्हती. पाच-सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुनांशी संसार मांडला. तेही विधुर होते.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. १८५६ च्या कायद्यानं विधवेला पुन्हा लग्न करता येत होतं, पण त्याच कायद्यानं पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क सुटत होता. जयंतीबाईंनी दुसऱ्या लग्नाआधीच ती मालमत्ता लेकीच्या नावावर करून दिली. म्हणजे नव्या नवऱ्याच्या घरी त्या गेल्या ते पहिल्याची इस्टेट घेऊन नव्हे. सखाराम अर्जुनांनी बायको केली आणि तिच्याबरोबर आठ वर्षांची लेकही घरात घेतली. आपल्याकडे आजही बाई दुसऱ्या घरी निघाली की पहिला प्रश्न येतो, पहिल्या घरच्या लेकराचं काय? ते आजीकडे राहील, मामाकडे राहील. रखमाबाई कुठे मागे राहिल्या नाहीत. त्या गिरगावात या बापाच्या घरात वाढल्या.

घरात पुस्तकं होती, बोलणं-चालणं होतं. विधवाविवाहासाठी झटणारे विष्णुशास्त्री पंडित यांच्यासारख्या मंडळींशी डॉक्टरांची ऊठबस होती. रखमाबाई आईबरोबर आर्य महिला समाजाच्या सभांना जात.

पण म्हणून त्या घरात सगळं नव्या रीतीनं चाललं होतं असं समजू नका. रखमाबाई अकरा वर्षांच्या झाल्या आणि त्यांचं लग्न लावून दिलं. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला. त्यानं घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं, खर्च सासऱ्यांनी करायचा असं ठरलं होतं. डॉक्टर असून, सुधारक असून त्यांनी हे लग्न होऊ दिलं. ही गोष्ट झाकायचं कारण नाही. समाजाच्या विरोधात सगळ्याच वेळी उभं राहता येत नाही, हे त्या काळालाही लागू होतं आणि आजही आहे.

त्यांचं मोठेपण त्यानंतर दिसतं. लग्नाला काही महिने झाले आणि रखमाबाईंना न्हाण आलं. रीत अशी की आता गर्भाधानाचा विधी करायचा आणि मुलीला नवऱ्याच्या खोलीत पाठवायचं. शास्त्र तेच सांगत होतं, नातेवाईक तेच म्हणत होते. सखाराम अर्जुनांनी नाही म्हटलं. न्हाण आलं म्हणजे शरीर तयार झालं असं नसतं, हे त्यांना डॉक्टर म्हणून माहीत होतं. इस्पितळात अशा पोरी त्यांच्यासमोर येत असणार. आपलं ज्ञान त्यांनी रोग्यांपुरतं ठेवलं नाही, घरच्या उंबऱ्याच्या आतही पाळलं. बाहेर भाषण देणं सोपं असतं, मैत्रिणींनो. आपल्याच नात्यातल्या जावयाला आपल्याच घरात अडवणं अवघड असतं.

दादाजीनं शिक्षणात लक्ष घातलं नाही. तो सासऱ्याचं घर सोडून आपल्या नातेवाइकाकडे जाऊन राहिला. इकडे रखमाबाई घरीच वाचत राहिल्या. मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून इंग्रजी शिकल्या. अशी सात-आठ वर्षं गेली. अकरा वर्षांची पोर एकोणीस वर्षांची विचार करणारी बाई झाली आणि तिनं सांगितलं, मला या माणसाकडे जायचं नाही.

मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलांची नोटीस आली. ती आली डॉक्टर सखाराम अर्जुनांच्या नावावर. माझी बायको माझ्याकडे पाठवा, असं त्यात म्हणणं. या जागी दुसरा कुणी असता तर काय करता? समाज अंगावर आलेला, भावकी तुटलेली, पेपरात नाव येण्याची भीती, आणि पोर तर आपल्या रक्ताचीही नाही. दिलं घरी पाठवून म्हणजे सुटलो, असं म्हणणं किती सोपं होतं. डॉक्टरांनी वकील केले आणि उत्तर दिलं. लेक पाठवली नाही.

आणि मग, कोर्टात सुनावणी व्हायच्या आधीच, १६ एप्रिल १८८५ रोजी सखाराम अर्जुन गेले. वय जेमतेम शेहेचाळीस. जयंतीबाई दुसऱ्यांदा विधवा झाल्या. दादाजीच्या बाजूला वाटलं असेल, आता ही पोर एकटी पडली, वाकेल.

ती वाकली नाही. बाप जाऊन दोन महिने होतात न होतात, तोच २६ जून १८८५ च्या टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर एक पत्र आलं. खाली सही होती फक्त 'एक हिंदू स्त्री' अशा अर्थाची. लिहिणाऱ्या रखमाबाई होत्या. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. असहाय वयात लावलेल्या लग्नापायी मोठ्या बाईला तिच्या मनाविरुद्ध कुणाच्या घरी ढकलता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. त्यावर मोठा गदारोळ झाला. टिळकांसारखे पुढारीसुद्धा विरोधात गेले. अपिलात खटला परत फिरला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ च्या जुलैत दोन हजार रुपये देऊन दादाजीशी तडजोड झाली.

१८८९ साली रखमाबाई लंडनला वैद्यक शिकायला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या. परत आल्यावर १८९५ पासून त्यांनी सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात काम सुरू केलं. सुरत आपल्याला परकी नाही. आपल्या सावदा-रावेरकडून वाहणारी तापी तिथूनच समुद्राला जाते. प्लेगच्या काळातही त्या तिथे होत्या. पुढे राजकोटलाही त्यांनी काम केलं. आनंदीबाई जोशी पहिल्या, पण त्या १८८७ सालीच गेल्या, त्यांना रोगी तपासायला मिळाले नाहीत. रखमाबाईंनी जवळजवळ पस्तीस वर्षं बाळंतिणी सोडवल्या, लेकरं वाचवली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या.

बापानं बाळंतपणाची पुस्तकं लिहिली आणि लेकीनं बाळंतपणं केली. जन्मदात्या बापाचं आडनाव सावे, नवऱ्याचं घर तिनं मानलंच नाही, आणि आज लोक तिला ओळखतात डॉक्टर रखमाबाई राऊत म्हणून. राऊत हे सखाराम अर्जुनांचं आडनाव.

त्या खटल्यानंतर गोष्टी हळूहळू सरकल्या. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. त्यानंतर १८९१ साली संमतीवयाचा कायदा झाला, दहाचं वय बारा झालं. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. आज २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा हवा. बारावरून अठरावर यायला किती पिढ्या गेल्या बघा.

तरी आमच्या गटात बाया कर्ज मागतात तेव्हा कधी कधी कारण येतं, पोरीचं लग्न. वय विचारलं की आवाज खाली जातो. दहावी झाली, स्थळ चांगलं आहे, केळीचे पैसे आत्ताच हातात आले, पोरीला एकटं कुठे ठेवायचं, असं सगळं ऐकायला मिळतं. आम्ही गटात ठरवलं आहे की अठराच्या आतल्या लग्नासाठी कर्ज नाही, तिच्या शिक्षणासाठी असेल तर आधी तिचा अर्ज. सगळ्यांना हे पटलं असं नाही. दोघी-तिघी रागावल्याही.

कायदा आहे, गावात ग्रामसेवकाकडे तक्रार करता येते, १०९८ वर फोन करता येतो. पण त्याच्याही आधी घरातलं एक माणूस नाही म्हणायला लागतं. सखाराम अर्जुनांनी लग्न अडवलं नव्हतं, तरी पुढच्या पायरीवर ते उभे राहिले. लग्न ठरून गेलं, आता काय करणार, असं म्हणून गप्प बसणाऱ्या घरांनी हे ऐकावं. साखरपुडा झाला असेल तरी थांबता येतं. लग्न झालं असेल तरी पोरीला शाळेत ठेवता येतं, पाठवणी लांबवता येते.

आज घरी गेल्यावर ही गोष्ट नवऱ्याला सांगा, भावाला सांगा. बाया बायांना सांगतातच, ही गोष्ट बापांनी ऐकायची आहे.